बॉयलरचा ओटू ॲनालायझर : सेलपर्यंत नक्की काय पोचतंय ते आधी बघा

गाळप हंगाम सुरू झाला, बॉयलर पेटला की पहिल्या आठवड्यात कंट्रोल रूममधून फोन येतोच, "साहेब, ओटू गंडलाय, सेल बदलून टाका." ओटू म्हणजे ऑक्सिजन, तो धुरात किती उरलाय ते मोजणारा हा ॲनालायझर, आणि सेल म्हणजे त्यातला प्रत्यक्ष मोजणारा भाग. सेल स्वस्त नसतो आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा तो गंडलेलाही नसतो. त्याच्यापर्यंत जो गॅस पोचतो त्यातला ऑक्सिजन तो इमानदारीने मोजतो, आता तिथं फ्ल्यू गॅसबरोबर (म्हणजे बॉयलरच्या धुराबरोबर) बाहेरची हवा पोचत असेल तर तो बिचारा हवा धरूनच मोजणार. मी साखर कारखान्याच्या कोजनमध्ये, म्हणजे वाफ आणि वीज एकत्र करणाऱ्या प्लांटमध्ये, इन्स्ट्रुमेंटचं काम करतो, बगॅसचे, म्हणजे उसाच्या चिपाडाचे बॉयलर, त्यामुळे इथं जे लिहितोय ते त्याच अनुभवातलं आहे. कोळशाच्या नाहीतर तेलाच्या बॉयलरलाही यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी थोडक्यात मशीन काय आहे ते. डक्टमध्ये (धूर वाहून नेणाऱ्या मोठ्या मार्गात) जो लांब प्रोब घुसवलेला असतो त्याच्या टोकाला झिर्कोनियाचा सेल असतो, दोन्ही बाजूंना प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड, आणि आतला हीटर त्याला 700 ते 750 डिग्रीच्या दरम्यान ठरावीक तापमानावर धरून ठेवतो. एका बाजूला फ्ल्यू गॅस, दुसऱ्या बाजूला रेफरन्स एअर म्हणजे साधी कोरडी हवा. दोन्हीकडच्या ऑक्सिजनच्या गुणोत्तरावर, लॉगच्या हिशेबात, मिलिव्होल्ट ठरतात. दोन्हीकडे हवाच असेल तर जवळपास शून्य, 750 डिग्रीला गॅसमध्ये 3 टक्के ऑक्सिजन असेल तर 43 च्या आसपास, 1 टक्का असेल तर 67. म्हणजे ऑक्सिजन कमी तसे मिलिव्होल्ट जास्त, हे नवीन पोरांना पहिल्याच दिवशी सांगून टाकायचं. डीसीएसवरचे (कंट्रोल रूममधल्या कॉम्प्युटरवरचे) टक्के बघून वाद घालण्यापेक्षा सेलचे मिलिव्होल्ट आणि सेलचं तापमान बघितलं की अर्धा प्रश्न तिथंच सुटतो. रेफरन्स एअरला तेल किंवा पाणी असलेली हवा दिलीत तर तुलनाच बिघडली, मग पुढं कितीही कॅलिब्रेशन करा.

प्रोबची जागा शक्यतो एअर हीटरच्या (धुराच्या उष्णतेने हवा तापवणाऱ्या ट्यूबच्या) आधीची घ्यावी. एअर हीटरच्या ट्यूब गळत असतात, थोड्या का होईना पण गळतातच, आणि त्यांच्या पुढं प्रोब बसवला तर फर्नेसमध्ये काय चाललंय ते न कळता ट्यूब किती गळतात तेच कळत राहतं. डक्ट रुंद असेल तर डाव्या आणि उजव्या बाजूच्या ओटूमध्ये चांगला फरक असू शकतो, कारण बगॅस ग्रेटवर (जळणाच्या जाळीवर) सगळीकडे सारखं पडतंच असं नाही. म्हणून मोठ्या बॉयलरला दोन प्रोब असावेत असं माझं ठाम मत आहे, खर्च वाढला तरी.

अजून एक वाद दरवर्षी होतो. एनर्जी ऑडिटवाले पोर्टेबल मीटर घेऊन येतात, त्यांचं रीडिंग 5.3 आणि आमचं 4, की लगेच रिपोर्टमध्ये शेरा, ॲनालायझर चुकीचा. अहो दोन्ही बरोबर आहेत. पोर्टेबल मीटर गॅस थंड करून त्यातलं पाणी काढून मग मोजतो, आमचा प्रोब वाफेसकट मोजतो. बगॅसमध्येच 50 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, म्हणजे फ्ल्यू गॅसमध्ये पाव हिस्सा वाफ धरली तर 4 ला 0.75 ने भागा, 5.3 येतात. डीसीएसच्या टॅगला ‘वेट’ असं लिहून ठेवा, दरवर्षीचं भांडण मिटेल.

आता मूळ मुद्दा, बाहेरची हवा. आयडी फॅन (चिमणीकडे धूर ओढणारा पंखा) गॅस ओढत असतो त्यामुळे प्रोबच्या जागी डक्ट चांगलाच निगेटिव्ह (बाहेरपेक्षा कमी दाबाचा) असतो आणि जिथं फट मिळेल तिथून हवा आत शिरते. एका कोजनवर मदतीला बोलावलं होतं तिथली गोष्ट सांगतो. ओटू 8 च्या खाली यायलाच तयार नाही, ट्रिम लूप, म्हणजे ओटू बघून हवा कमीजास्त करणारा कंट्रोल, ऑटोमध्ये, त्यामुळे लूप आपला हवा कमी करत चाललेला, आणि चिमणीतून काळा धूर. बॉयलरवरचे भाऊ, वयाने मोठे, सकाळपासून तेच सांगत होते, "साहेब, आग लाल दिसतीया, हवा कमी पडतीया, तुमचा आकडा काय बी म्हणू दे." कॅलिब्रेशन घेतलं तर एकदम पास, झिरो आणि स्पॅन (ठरलेल्या कमी आणि जास्त ऑक्सिजनच्या गॅसवरचे आकडे) दोन्ही जागेवर. सगळे म्हणाले मग ॲनालायझर बरोबर आहे. वर प्लॅटफॉर्मवर जाऊन बघितलं तर कॅलिब्रेशन गॅसच्या पोर्टला टोपीच नाही! मागच्या वेळी कॅलिब्रेशन झाल्यावर परत लावायची राहिलेली. पातळ प्लॅस्टिकची पट्टी त्या पोर्टजवळ धरली की सटकन आत ओढली जात होती. म्हणजे बाहेरची हवा त्या नळीतून थेट सेलच्या तोंडावर जात होती. कॅलिब्रेशन करताना त्याच नळीतून सिलिंडरचा गॅस जातो, त्यामुळे तेवढ्या वेळापुरतं सगळं बरोबर दिसणारच. लाइनमध्ये चेक व्हॉल्व्ह होता, पण तो डक्टमधला गॅस बाहेर येऊ नये म्हणून असतो, आत जाणाऱ्या हवेसमोर त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. लूप मॅन्युअलला घेऊन आधी हवा सावकाश वाढवायला लावली, मग टोपी लावली, आकडा काही मिनिटांत खाली आला.

हे इतकं सविस्तर सांगायचं कारण म्हणजे यात नुकसान नुसतं बगॅसचं होत नाही. ओटू चुकून जास्त दिसला की हवा कापली जाते, हवा कापली की अर्धवट जळलेला गॅस, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड वगैरे, डक्टमध्ये साठतो, आणि मग कुणी घाबरून एकदम हवा वाढवली तर स्फोट होऊ शकतो, हे बॉयलरवर काम करणाऱ्यांना सांगायची गरज नाही. म्हणून ओटूचा आकडा आणि आगीचा रंग जुळत नसेल तर आधी आगीवर विश्वास ठेवा, लूप मॅन्युअलला घ्या, आणि मग शोधाशोध करा. फ्लँजची गळती शोधायला साबणाचं पाणी इथं चालत नाही, गॅस बाहेर येतच नाही तर फुगे कुठून येणार, पातळ पट्टी फ्लँजभोवती फिरवा, कुठं ओढली जाते ते लगेच दिसतं. गॅस्केट नवीन आणि तापमानाला साजेशी घ्या, आणि तिला सिलिकॉन सीलंट फासायची सवय मोडा, सिलिकॉनची वाफ सेलच्या प्लॅटिनमला मारते.

बसवताना प्रोब आडवा किंवा टोक खाली राहील असा, टोक वर अजिबात नको, पाणी आणि राख सेलकडे जाते. बगॅसच्या राखेत रेती असते, ती सिरॅमिक फिल्टर घासून काढते, त्यामुळे डिफ्लेक्टरची (राख अडवणाऱ्या पत्र्याची) धार गॅस जिकडून येतो तिकडं तोंड करून आहे ना हे फ्लँज आवळायच्या आधी बघायचं, नंतर आत बघता येत नाही. अर्थिंग, हीटरची केबल वेगळी, सिग्नलची वेगळी, हे तर आहेच.

आता हीटर. 700 डिग्रीच्या वर तापलेली वस्तू आपण गॅसच्या डक्टमध्ये ठेवलीय हे कायम डोक्यात पाहिजे. कार्बन मोनॉक्साइड 600 डिग्रीच्या आसपास आपोआप पेटतो, ठिणगी लागत नाही. बॉयलर ट्रिप झाला, ग्रेटवर बगॅसचा ढीग धुमसतोय, फॅन बंद, अशा वेळी आत जळाऊ गॅस साठलेला असतो आणि आपला हीटर आत चालू. प्रोबला फ्लेम अरेस्टर (आग बाहेर पसरू न देणारा भाग) असतो, तो काढून टाकू नका, रिस्पॉन्स हळू येतो म्हणून काढलेले मी पाहिलेत. तेल किंवा गॅसच्या बर्नरवर आग विझली की हीटरचा सप्लाय कट होईल असं इंटरलॉक घ्या, आणि पुन्हा पेटवायच्या आधी पूर्ण पर्ज (हवा फिरवून आतला गॅस बाहेर काढणं) झाल्याशिवाय हीटर चालू करू नका. पण उलट बाजूही आहे, प्रोब थंड ठेवून बॉयलर पेटवला तर ओला गॅस सेलवर जमतो आणि सेल खराब होतो. म्हणजे आधी पर्ज, मग हीटर, सेल तापमानाला येऊ द्यायचा, साधारण अर्धा ते पाऊण तास, मॉडेलप्रमाणे कमीजास्त, आणि मग लाइटअप. घाई करणाऱ्या शिफ्टला हे पटत नाही, तरी पटवायचं.

कॅलिब्रेशनला हात लावायच्या आधी ओटू ट्रिम मॅन्युअल, अलार्म इनहिबिट, आणि कंट्रोल रूमला वॉकीटॉकीवर कळवणे. नाहीतर स्पॅनला 21 टक्के दिसले की लूप बिनधास्त हवा कापतो. झिरोला शुद्ध नायट्रोजन वापरू नका, ऑक्सिजन शून्य झाला की झिर्कोनियाच्या गणिताला अर्थच राहत नाही, नायट्रोजनमध्ये 0.4 ते 1 टक्का ऑक्सिजन असलेला सर्टिफाइड गॅस घ्या. फ्लो मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढाच, जास्त सोडला की सेल थंड होतो, कमी सोडला की फ्ल्यू गॅस मिसळतो. आणि काम संपलं की टोपी. टोपी लावली असं लॉगबुकमध्ये लिहून सही करायची पद्धत मी आमच्याकडे सुरू केली आणि ती कुणी कंटाळा म्हणून सोडू नये असं मनापासून वाटतं.

या सिलिंडरबद्दल लोक फार निष्काळजी असतात, विषारी नाही, जळत नाही, मग काय होतंय असं म्हणतात. त्यात 99 टक्के नायट्रोजन आहे! भरलेल्या मोठ्या सिलिंडरमध्ये साधारण 7 घनमीटर गॅस असतो. ॲनालायझरची खोली 2 बाय 2 मीटर, उंची अडीच, म्हणजे 10 घनमीटर. रात्रभर रेग्युलेटर गळून सिलिंडर रिकामा झाला आणि दार-खिडकी बंद असेल तर खोलीतला ऑक्सिजन 21 वरून 11 टक्क्यांच्या आसपास येतो. 19.5 च्या खाली आत जायचं नाही हा नियम आहे, 11 म्हणजे माणूस काही कळायच्या आत कोसळू शकतो. वास नाही, खोकला नाही, आणि गुदमरल्यासारखंही वाटत नाही, कारण शरीराला कार्बन डायऑक्साइड वाढलेला कळतो, ऑक्सिजन कमी झालेला तसा कळत नाही. आणि त्याला काढायला धावत आत गेलेला दुसराही तिथंच पडतो. त्यामुळे सिलिंडर बाहेर, जाळीच्या पिंजऱ्यात, साखळीने बांधून, नळी आत. जागाच नसेल तर खोलीत ऑक्सिजनचा अलार्म, त्याचा दिवा दाराबाहेर, आणि दार उघडून हवा खेळल्यावरच आत जायचं.

चालू बॉयलरवर प्रोब काढायची वेळ आलीच तर परमिट, हीटर बंद, लॉक आणि टॅग, कार्बन मोनॉक्साइडचा मीटर खिशाला, आणि ब्लाइंड फ्लँज नटबोल्टसकट हाताशी तयार. डक्ट निगेटिव्ह आहे म्हणून निर्धास्त राहू नका, ड्राफ्ट (पंख्याची ओढ) हलला की भपकारा बाहेर येतो, त्यामुळे फ्लँजसमोर कधीच उभं राहायचं नाही, बाजूला. बाहेर आलेलं टोक काळं दिसतं, थंड वाटतं, पण नसतं, परांचीवर फळीवर तसंच टेकवलं तर फळी धुमसते.

हंगाम संपल्यावर डक्टमध्ये माणसं उतरतात तेव्हा कंट्रोल रूममधून कुणीतरी सांगतं, ओटू 20.9 दाखवतोय, जावा आत. हे साफ चूक. तो प्रोब फक्त त्याच्या टोकापाशी काय आहे ते सांगतो, खालच्या हॉपरमधलं (राख साठते तिथलं) सांगत नाही, आणि कार्बन मोनॉक्साइड तर तो मोजतच नाही. आत जायला वेगळा पोर्टेबल मीटर, वर, मध्ये आणि खाली तपासून, आणि माणूस आत असेपर्यंत चालू. आणि डक्ट पाण्याने धुणार असतील तर त्याआधी हीटर बंद करून प्रोब बाहेर काढून घ्या, तापलेल्या सेलवर पाणी पडलं की तो तडकतो. धुवायचं काम बहुतेक वेळा सिव्हिलचा नाहीतर मेकॅनिकलचा ठेकेदार करतो, त्याच्या वर्क ऑर्डरमध्येच ही ओळ टाकून घ्या, कारण त्या दिवशी इन्स्ट्रुमेंटचं माणूस तिथं असेलच असं नाही.