एका ओळीची चौकट

पाळक (चर्चचा नेमलेला धर्मोपदेशक) नसलेल्या माणसाला उपासनेत प्रवचन करायचं असेल, तर आमच्या चर्चमध्ये रीतसर परवानगी लागते. अर्ज, पाळकसाहेबांची शिफारस, अभ्यासवर्ग, लेखी परीक्षा आणि शेवटी चाचणी प्रवचन. पहिल्या चार पायऱ्या सुरळीत पार पडल्या, त्यामुळे त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. (तुम्ही कॅथलिक असाल तर हा खटाटोप तुमच्यासाठी नाही. 1983 च्या चर्च कायद्याप्रमाणे मिस्सातलं, म्हणजे मुख्य उपासनेतलं, प्रवचन धर्मगुरू किंवा डीकनने (धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरच्या दीक्षिताने) करायचं असतं. उलट मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथात लोकल प्रीचर, म्हणजे पाळक नसलेले प्रवचनकार, संस्थापक जॉन वेस्लीच्या काळापासून आहेत. तेव्हा आधी आपल्या चर्चचा नियम बघा.)

मी अडले ते चाचणी प्रवचनाच्या फॉर्मवर. त्यात शास्त्रभाग (प्रवचनासाठी निवडलेला बायबलचा उतारा), वेळ, निवडलेली गीतं अशा नेहमीच्या रकान्यांच्या खाली बोटभर उंचीची एक चौकट होती: ‘प्रवचनाचा मध्यवर्ती विचार एका वाक्यात लिहा.’

माझा शास्त्रभाग होता मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 20 वा अध्याय, द्राक्षमळ्यातल्या कामकऱ्यांचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा. मळ्याचा मालक दिवसभरात वेगवेगळ्या वेळी मजूर कामावर घेतो आणि संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी देतो. दिवसभर राबलेल्यांनाही एक दिनार (एका दिवसाची मजुरी) आणि शेवटच्या तासाला आलेल्यांनाही एक दिनार. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘आपण दुसऱ्यावर झालेल्या कृपेचा हेवा न करता देवाने दिलेल्या कामात समाधानी राहावे.’ वाक्यावर मी खूश होते.

तीन आठवड्यांनी फॉर्म परत आला. चौकटीशेजारी लाल शाईत तीन शब्द: ‘वाक्याचा कर्ता कोण?’ खाली सही नाही, खुलासा नाही.

मला वाटलं, व्याकरण तपासतायत. मी ‘आपण’ या शब्दाखाली रेघ मारली, बाजूला ‘कर्ता’ असं लिहिलं आणि फॉर्म पुन्हा पाठवला. थोडा आगाऊपणा होता, कबूल. महिन्याने तोच फॉर्म, तेच तीन शब्द, फक्त यावेळी दोन प्रश्नचिन्हं. मग ‘आपण’ काढून ‘विश्वासणाऱ्यांनी’ घातलं. तरीही परत. कार्यालयात फोन केला तर उत्तर मिळालं, बघणारे रजेवर आहेत आणि शेरा लेखीच मिळेल. लेखी शेरा माझ्या हातातच होता, तोच कळत नव्हता!

त्याच सुमारास समजलं, की अभ्यासवर्गाला दोन महिने उशिरा आलेल्या एका भाऊंना परवानगी मिळालीसुद्धा. घरी मी बरीच चिडचिड केली. नवऱ्याने ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, ‘तुझं प्रवचन कशावर आहे म्हणालीस?’ त्या रात्री मी त्याच्याशी फारशी बोलले नाही.

शेवटी पाळकसाहेबांकडे गेले. त्यांनी फॉर्म बघितला, हसले आणि म्हणाले, ‘ताई, दाखल्यातली क्रियापदं काढ. कोण काय करतं, एवढंच लिही.’ पाचवीच्या मुलीसारखी कागद-पेन घेऊन बसले. कामकरी काय करतात? उभे राहतात, जातात, कुरकुर करतात. आणि मालक? पहाटे बाहेर पडतो. तिसऱ्या ताशी बाहेर पडतो. मग सहाव्या, नवव्या आणि अकराव्या ताशी. तास सूर्योदयापासून मोजले जायचे, म्हणजे अकराव्या ताशी दिवस मावळायला जेमतेम तास उरलेला. बरं, त्याच्याकडे कारभारी होता. मजुरी वाटायला त्यालाच सांगतो. पण माणसं शोधायला पाचही वेळा स्वतः जातो.

माझ्या प्रवचनात कामकऱ्यांवर पंधरा मिनिटं होती आणि मालकावर दोन.

मग डोक्यात प्रकाश पडला. ‘कर्ता कोण’ हा प्रश्न व्याकरणाचाही होता आणि व्याकरणाचा नव्हताही. माझं वाक्य सल्ल्याचं होतं: आपण असं वागावं. नव्या करारात प्रवचनासाठी जे ग्रीक क्रियापद वारंवार येतं, केरुस्सो, त्याचा अर्थ दवंडी देणं. दवंडीवाला आपला सल्ला देत नसतो, दुसऱ्याने केलेलं किंवा ठरवलेलं गावाला कळवतो. नासरेथच्या सभास्थानात येशूने यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातला भाग वाचला, गुंडाळी परत दिली आणि खाली बसून पहिलीच गोष्ट सांगितली ती हा शास्त्रलेख आज पूर्ण झाल्याची. लोकांनी काय करावं हे त्या वाक्यात नाही, काय घडलं ते आहे. हे सगळं मी अभ्यासवर्गात शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं, त्यावर गुणही मिळवले होते. लिहायला बसल्यावर मात्र बोट उगारून उपदेश करायची सवय वर आली. आपल्या बोलीत ‘उपदेश’ शब्दाची जी गत झाली आहे, ‘उपदेश नको करू’ म्हणतो तशी, तिला आमच्यासारखे उपदेशकच कारण आहेत.

याचा अर्थ प्रवचनात ‘असं करा’ म्हणायचंच नाही, असा नाही. नव्या करारातल्या प्रेषित पौलाच्या पत्रांत आज्ञा भरपूर आहेत. पण रोमकरांस पत्रात तो अकरा अध्याय देवाने काय केलं ते सांगतो, आणि ‘म्हणून तुम्ही’ बाराव्यात येतं. मी थेट बाराव्यापासून सुरुवात केली होती.

नवं वाक्य लिहिलं: ‘दिवस मावळत आला तरी मालक माणसं शोधायला स्वतः बाहेर पडतो.’ मग प्रवचन जवळजवळ सगळंच पुन्हा लिहावं लागलं. हेव्याचा भाग उरला, पण शेवटी, चार मिनिटांपुरता. तो लिहिताना ते उशिरा आलेले भाऊ डोळ्यांसमोर होते, त्यामुळे तो भाग खरा उतरला.

फॉर्म आठ दिवसांत मंजूर होऊन आला. शेरा: ‘ठीक.’ एवढंच. शिकवण पटली, तरी माझा राग पूर्ण गेलेला नाही. मध्यवर्ती विचार एका वाक्यात मागणाऱ्यांना आपली हरकत एका पूर्ण वाक्यात लिहिता आली नसती का? चार महिने गेले माझे. तीन शब्दांनी मला विचार करायला लावलं, असं कोणी म्हणेल. मी म्हणेन, विचार पाळकसाहेबांनी करायला लावला, दहा मिनिटांत, समोर बसून.

प्रत्यक्ष प्रवचन अठरा मिनिटांत आटपलं. घरी वाचताना पंधरा लागायची. व्यासपीठावर वेळ वाढतो, हे धरूनच लिहा. अक्षर मोठं छापा, पानाच्या एकाच बाजूला. शास्त्रभाग मोठ्याने निदान दहा वेळा वाचा, आणि टीकाग्रंथ, म्हणजे शास्त्राचा अर्थ उलगडणारी पुस्तकं, त्यानंतर उघडा. मी उलट केलं आणि दुसऱ्यांचे विचार डोक्यात घट्ट बसले. प्राचीन चर्चमधले बिशप ऑगस्टीन यांनी ख्रिस्ती शिकवणीवर चार भागांचा ग्रंथ लिहिला, त्यातले तीन शास्त्र समजून घेण्यावर आहेत आणि बोलायचं कसं यावर एक. आपल्या तयारीचं प्रमाणही तेवढंच ठेवावं. मी आवाजाच्या चढउतारावर जो वेळ घालवला, तो वाया गेला.

कोणी पेंगताना दिसलं तर मनाला लावून घेऊ नका. त्रोवस शहरात पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि युतुख नावाचा तरुण झोपेत तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली पडला. तो वाचला, आणि पौल वर जाऊन पहाटेपर्यंत पुन्हा बोलतच होता. तुम्ही मात्र वेळेत थांबा.

अजून एक, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. चौकट भरण्याआधी आपलं वाक्य अभ्यासवर्गाबाहेरच्या कोणालातरी वाचून दाखवा आणि विचारा, ‘यात कोण काय करतंय?’ उत्तर ‘आम्ही’ असं आलं, तर फॉर्म पाठवू नका. आणि पाठवाल तेव्हा झेरॉक्स काढून ठेवा. माझा तिसऱ्यांदा परत आला, तेव्हा मागचं पान गायब होतं.