४, ५ आणि ८

जस्ताच्या प्लेटवरून छापलेल्या माझ्या दहा प्रिंटची ट्रंक आज उघडली. तिसऱ्या प्रिंटखालचा बटर पेपर उचलला तर चौथीच्या कोपऱ्यात राखाडी, केसाळ ठिपका. मग पुढची. मग आठवी. दहांतल्या तीन गेल्या. गुहागरात आषाढात कागदावर बुरशी येते हे काय मला माहीत नव्हतं?

चूक कुठे झाली तेही माहीत आहे. तीनशे ग्रॅमचा सुती कागद अर्धा तास भिजवायचा, ब्लॉटरने टिपायचा, मग प्रेसवर घ्यायचा. छापून झालं की ब्लॉटर आणि फळ्यांमध्ये दाबून रोज ब्लॉटर बदलायचे, पावसाळ्यात चार-पाच दिवस तरी. मी दुसऱ्याच दिवशी हात फिरवला, वरून कोरडा लागला, म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळून घरी आणल्या. सुती कागद पोटात ओल धरून बसतो. गालाला लावून बघायचा असतो, गार लागला तर अजून ओला. त्यात कागदाच्या सायझिंगमधलं, खळीतलं, जिलेटिन म्हणजे बुरशीला आयतं जेवण.

पण हे सगळं लिहून जीव शांत होत नाहीये. ताई चहा देताना सहज म्हणाली, "तीन परत छाप, तेच आकडे घाल. कोणाला कळतंय?"

तेव्हापासून हेच डोक्यात आहे. प्लेट अजून रद्द केलेली नाही, तिच्यावर ओरखडा मारलेला नाही. म्हणजे छापता येईल. डावीकडे पेन्सिलीने ४/१०, म्हणजे दहांतली चौथी, मध्ये चित्राचं नाव, उजवीकडे सही. काम तपासणाऱ्या ज्युरीत कुणी विचारणार नाही. मलाच कळेल. दोन वर्षं फी भरून, भाडं भरून, बाबांपुढे दरवेळी मान खाली घालून शेवटी हे? रडूही आलं थोडं. बाबांचं आज नको.

संध्याकाळी प्लेट काढली. वर्तमानपत्रात गुंडाळली होती, तीही चूकच. कागद ओल ओढतो आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत जस्त टिकत नाही. आकाशाच्या भागावर पांढरी भुकटी धरली होती. पुसली तर खाली बारीक खड्डे. खड्ड्यात शाई बसते, आणि ती पुसली तरी निघत नाही. म्हणजे आता छापलं तर ॲक्वाटिंटच्या, राळेची पूड धरून ॲसिडने आणलेल्या, त्या सपाट करड्या आकाशात काळे कण दिसणार. आधीच जस्त मऊ, दर पुसण्याला, राळेच्या दाण्यांभोवती ॲसिडने खाऊन उठलेले बारीक दात झिजतात. दहावी प्रिंट पहिलीपेक्षा फिकी होतीच, जवळून पाहिलं तर.

म्हणजे ताईचा प्रश्नच मिटला. तेच आकडे घालताच येणार नाहीत, कारण ते चित्रच आता उरलेलं नाही. सुटका झाल्यासारखं वाटलं, आणि लगेच वाटलं, खड्डे पडले नसते तर? मी छापलं असतं का? याचं उत्तर मला अजून देता येत नाही.

डच चित्रकार रेम्ब्रांटने 'तीन क्रूस' हे छापचित्र १६५३ साली केलं आणि पुढे तीच प्लेट पुन्हा कोरून चौथी अवस्था, म्हणजे बदललेल्या प्लेटचं चौथं रूप, इतकी अंधारी केली की आधीची माणसं त्यात बुडून गेली. त्याने ते हाताने केलं, इथे मिठाने केलं. पण दुसरी अवस्था म्हणून वेगळ्या क्रमांकाने छापली तर ती खरीच असेल. खड्डे घासून काढणार नाही. आकाश पुन्हा राळ धरून, नायट्रिक एकाला दहा पाणी, आधी पाणी मग ॲसिड, अजून गडद चावायचं. सरांना सोमवारी विचारते.

सध्या वहीत लिहिलं आहे: ४, ५, ८ नष्ट. ते आकडे तसेच रिकामे राहतील.

प्लेटला तेलाचा हात लावून मेणकापडात बांधली. आजी म्हणाली, "चुलीवरच्या माळ्यावर ठेव गो, पोथ्या तिथेच राहिल्या इतकी वर्षं." प्लेट ठेवली. प्रिंट नाही, धुराने कागद पिवळा पडेल. उरलेल्या सात नव्या ब्लॉटरमध्ये घातल्या आहेत. आत्ता एकेक गालाला लावून बघितली. सहावी अजून गार लागते.