आधी रिकामा ओटा, मग कपाटे

स्वयंपाकघराचे काम काढायचे ठरले की घरातली चर्चा ओट्याचा दगड, ट्रॉल्यांची संख्या आणि कपाटांचा रंग यांच्यापाशीच घुटमळते. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा असायला हवा: शेगडीवरून उतरवलेले उकळते भांडे कुठे टेकवणार?

शेगडीच्या एका बाजूला किमान 30 आणि दुसऱ्या बाजूला सुमारे 40 सेंटीमीटर ओटा मोकळा सोडावा, असा नियोजनातला रूढ संकेत आहे. शेगडी भिंतीला किंवा फ्रिजला खेटून बसवली की ही जागा तर जातेच, शिवाय भांड्याचा दांडा आत वळवता न आल्यामुळे तो ओट्याच्या कडेबाहेर, नेमका लहान मुलाचा हात पोहोचेल असा येतो. सिंकही शक्यतो शेगडीच्याच ओट्यावर, मध्ये कामापुरती जागा सोडून असावे. ते समोरच्या भिंतीला असेल तर गरम पाणी ओतायला दर वेळी मधली वाट ओलांडावी लागते आणि त्याच वाटेने घरातले बाकीचे लोक फ्रिजकडे जात असतात.

शेगडी, सिंक आणि फ्रिज यांचा त्रिकोण पुष्कळांनी ऐकलेला असतो. ही मांडणी 1940 च्या दशकात अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातल्या अभ्यासामुळे रूढ झाली. त्रिकोणाची प्रत्येक बाजू 4 ते 9 फूट आणि तिन्हींची बेरीज 26 फुटांच्या आत असावी, असे आजही सांगितले जाते. त्याआधी, 1926 मध्ये, ऑस्ट्रियन वास्तुविशारद मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की यांनी रेल्वेच्या भोजनडब्यातील स्वयंपाकघरावरून प्रेरणा घेऊन ‘फ्रँकफर्ट किचन’ हे छोटे, आटोपशीर स्वयंपाकघर आखले होते. पावले वाचवण्याचा हा सगळा विचार मला पटतो, मात्र त्यात स्वयंपाक करणारी व्यक्ती एकटीच गृहीत धरलेली असते. दोघे जण एका वेळी काम करत असतील तर दोन ओट्यांमधली वाट साधारण 4 फूट हवी. त्रिकोण थोडा बिघडला तरी चालेल.

ओट्याची उंची काम करणाऱ्याच्या कोपरापेक्षा 10 ते 15 सेंटीमीटर खाली ठेवावी. घरात उंचीचा फार फरक असेल तर जी व्यक्ती जास्त वेळ उभी राहते, तिचे माप धरावे.

गॅसच्या बाबतीत मात्र तडजोड नको. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. म्हणून केवळ वर लावलेला पंखा पुरत नाही, खालच्या बाजूलाही हवा जाण्यासाठी जाळी लागते आणि सिलिंडर बंद कपाटात कोंडणे धोक्याचे ठरते. नळाने येणारा नैसर्गिक वायू हलका असल्याने वर चढतो, त्यामुळे त्याच्यासाठी छताजवळची वाट खुली हवी. उघडत्या खिडकीखाली शेगडी घेऊ नये, कारण वाऱ्याने ज्योत विझली तरी वायू सुटतच राहतो. अग्निशामक सिलिंडर शेगडीच्या शेजारी नव्हे, तर दाराजवळ टांगावा, म्हणजे तो घेण्यासाठी आगीकडे हात न्यावा लागणार नाही.