तुम्ही विचारलंत म्हणून: दिवसभर तेच काम, मग खेळही तसलाच का?

हा प्रश्न मला पहिल्यांदा आमच्या फिटरभाऊंनी विचारला. मी मशीनचे प्रोग्राम लिहिते. नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीत एका कारखान्यात पॅनेलचं कमिशनिंग, म्हणजे पॅनेल तपासून चालू करून द्यायचं काम, चालू होतं. मोटरची केबल यायची होती, तोवर मी लॅपटॉप उघडून बसले होते. काळ्या स्क्रीनवर चौकोन, चौकोनांत बारीक अक्षरांतल्या आज्ञा. भाऊंनी मागून डोकावलं. "मॅडम, कामच करून राहिल्या का?" मी म्हटलं, "नाही हो भाऊ, गेम आहे." ते जरा वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "दिवसभर हेच करता, मग खेळाले पण हेच काऊन?"

तेव्हापासून बहिणीने विचारलं, पॉलिटेक्निकच्या मैत्रिणींनी विचारलं, आमच्याकडे नव्याने लागणारी पोरं तर दर वर्षी विचारतात. दर वेळी मी "आवडतं म्हणून" एवढंच सांगते. ते खरं असलं तरी पूर्ण उत्तर नाही, म्हणून एकदा नीट लिहिते.

भाऊंनी पाहिला तो खेळ टीआयएस-१००. झॅक बार्थ यांच्या झॅकट्रॉनिक्सने तो 2015 मध्ये काढला. त्यात एक जुना, काल्पनिक संगणक आहे: बारा खाने, प्रत्येक खान्यात जास्तीत जास्त 15 ओळींचा प्रोग्राम. आकडे उणे 999 ते 999 एवढेच. खान्याकडे आकडा ठेवायला एक जागा, आणि तिचा मजकूर तात्पुरता बाजूला ठेवायला आणखी एक. गुणाकाराची आज्ञाच नाही. खाने शेजारच्या खान्यांना आकडे देतात आणि त्यांच्याकडून घेतात. मॅन्युअल पीडीएफमध्ये मिळतं. मी ते धरमपेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानात छापून स्पायरल करून घेतलं, आजही ते माझ्या टेबलावर असतं. स्क्रीनवर मॅन्युअल वाचणं मला कधीच जमलं नाही. कामातही ड्रॉइंग मला कागदावरच लागतं.

सुरुवातीचंच एक कोडं घ्या. वरून एकेक आकडा येतो, त्याची दुप्पट करून खाली पाठवायची. तीन ओळींत होतं: वरचा आकडा घे, त्यात तोच मिळव, खाली दे. मी लिहिलं, चालवलं, बरोबर आलं. मग खेळाने तीन आलेख दाखवले: किती चक्रं, म्हणजे यंत्राची पावलं, लागली, किती खाने वापरले, किती आज्ञा लिहिल्या. प्रत्येक आलेखात इतर खेळणाऱ्यांची उत्तरं आणि त्यांत माझी जागा. चक्रांच्या आलेखात माझ्यापेक्षा जवळजवळ निम्म्यात काम उरकणारे लोक होते.

निम्म्यात? तीन ओळींतून काढायचं तरी काय? दोन दिवस कळेना. मग लक्षात आलं की वेळ बेरजेत जात नाही, वाट पाहण्यात जातो. माझा एकच खाना आकडा घेत होता, मिळवत होता, देत होता, आणि तेवढा वेळ वरचा पुढचा आकडा खोळंबून राहत होता. म्हणून वरच्या खान्याला बेरीज करायचीच नाही असं ठरवलं. त्याने फक्त वाटप करायचं, एक आकडा उजवीकडे, पुढचा खाली. दुप्पट ते दोन खाने करतील, आणि त्यांच्या पुढचा एक खाना आळीपाळीने दोघांकडून आकडे उचलेल, म्हणजे क्रम बिघडणार नाही. चक्रं निम्म्यावर आली. खाने आणि आज्ञा मात्र वाढल्या, त्या दोन आलेखांत मी मागे गेले. तिन्हीत एकदम पुढे राहता येत नाही. कुठे काटकसर करायची ते आपणच ठरवायचं.

आता भाऊंचा प्रश्न. माझं काम म्हणजे पीएलसीचे, म्हणजे कारखान्यातली मशीन चालवणाऱ्या छोट्या संगणकाचे, प्रोग्राम लिहिणं आणि मशीन चालू करून देणं. प्रोग्राम बहुधा लॅडरमध्ये असतो, शिडीच्या पायऱ्यांसारखा. पूर्वी रिलेंच्या, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचांच्या, जोडण्यांची ड्रॉइंग जशी असायची तसाच तो दिसतो, म्हणून इलेक्ट्रिशियनलाही वाचता येतो. पीएलसी आधी सगळे इनपुट वाचतो, मग शिडी वरून खाली सोडवतो, मग आउटपुट देतो, आणि पुन्हा पहिल्यापासून. हे काम मला मनापासून आवडतं. पण या धंद्यात एक नियम सगळे पाळतात: चालू मशीनला हात लावायचा नाही. मशीन चाललं, माल निघाला, सही झाली की तो प्रोग्राम तसाच राहतो. सातव्या पायरीवर मी घाईत जो जुगाड केलेला असतो तो मला माहीत असतो, तो कसा नीट करता येईल हेही घरी येताना गाडीवर सुचतं, पण नीट करायला कोणी मशीन बंद ठेवत नाही. आणि ते बरोबरच आहे. शिफ्ट थांबवून माझी हौस कोण भागवणार?

खेळात तेच काम दुसऱ्यांदा करायला मिळतं. तिसऱ्यांदाही. चाललं म्हणजे झालं असं तिथे नाही, चाललं की खरी सुरुवात होते. माझं उत्तर एवढंच आहे.

लोक म्हणतात, मग सुडोकू सोडवा, त्यातही डोकं लागतंच की. सुडोकूचं उत्तर एकच असतं आणि ते कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. या खेळांत कोडं बनवणाऱ्यालाही माझं उत्तर माहीत नसतं. आमच्या ऑफिसातल्या एका मुलाने आणि मी एकच कोडं सोडवलं आणि लॅपटॉप शेजारी ठेवले, तर दोन वेगळी यंत्रं दिसत होती. त्याचं पसरट आणि वेगवान, माझं दाटीवाटीचं. पॅनेलची वायरिंगही आम्ही अशीच करतो, तो आणि मी.

एक गोष्ट मात्र मी कारखान्यातून खेळात नेली. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी डबे भरायची लाइन मध्यरात्री थांबली. अलार्म नाही, फॉल्ट नाही, सगळे दिवे हिरवे, आणि काहीच हलत नाही. प्रोग्राम माझाच होता. कन्व्हेयर फिलरच्या 'डबा भरला' या सिग्नलची वाट पाहत होता, आणि फिलर कन्व्हेयरच्या 'डबा जागेवर' या सिग्नलची. डबा सेन्सरपुढून जरासा सरकला होता, त्यामुळे 'जागेवर' हा सिग्नल फिलरने उचलायच्या आतच गेला होता. दोघंही आपापल्या जागी बरोबर, दोघंही थांबलेले. हे कळायला मला पहाट झाली, कारण सिग्नल एवढासा वेळच आलेला होता आणि तो गेला तेव्हा मी झोपेत होते.

टीआयएस-१०० मध्ये हाच प्रसंग पहिल्या आठवड्यात आला. दोन शेजारी खाने, दोघांच्या कडेला 'रीड' लिहिलेलं, दोघंही दुसऱ्याकडून आकडा यायची वाट बघतायत. मी बघताक्षणी ओळखलं. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिथे एकेक पाऊल पुढे टाकत तो क्षण गाठता येतो. कोणत्या चक्राला पहिला थांबला, कोणत्या चक्राला दुसरा, सगळं समोर. त्या रात्री कारखान्यात मला नेमकं हेच हवं होतं. तेव्हापासून दोन मशीनमध्ये सिग्नलची देवाणघेवाण असली की समोरच्याने 'मिळालं' म्हणेपर्यंत मी सिग्नल खाली पडू देत नाही.

पॉलिटेक्निकला आम्हाला 8085 या जुन्या मायक्रोप्रोसेसरचं किट होतं, लाल सेव्हन सेगमेंटचा डिस्प्ले आणि हेक्सचे कळ दाबायचे. त्यालाही गुणाकाराची आज्ञा नाही. पुन्हा पुन्हा मिळवायचं, मोजणी एकाने कमी करायची, शून्य झाली नसेल तर मागे उडी. त्या उडीचा कोड सी2, आणि त्यानंतर पत्त्याचा खालचा बाइट आधी द्यायचा, वरचा नंतर. मी उलटा दिला आणि प्रोग्राम कुठल्या कुठे जाऊन बसला. मे महिन्यातला लोडशेडिंगचा काळ, लॅबमधला कूलर बंद पडला की किटही बंद, आणि रॅममध्ये टाकलेलं सगळं गेलं. पुन्हा पहिल्यापासून कळ दाबा. त्या दिवसांत मला हा विषय आवडला असं म्हणता येणार नाही. आवडला तो नंतर, चूक करायला वेळ मिळाला तेव्हा.

म्हणून माझ्या भाचीला मी किटपाशी नेलं नाही. ती अकरावीत आहे, उन्हाळ्यात प्रतापनगरला आमच्याकडे राहायला आली होती. दुपारी बाहेर पाऊल टाकता येत नाही, कूलरपुढे बसून तिने ट्युरिंग कम्प्लीट सुरू केला. या खेळात हाताशी फक्त नँड गेट असतं. गेट म्हणजे एक-शून्याचे इनपुट घेऊन एक किंवा शून्य असं उत्तर देणारं छोटं सर्किट. त्यापासून बाकीची गेटं, मग बेरीज करणारं सर्किट, मग मेमरी, असं करत करत अख्खा संगणक आपणच उभा करायचा, आणि मग त्यासाठी प्रोग्रामही लिहायचा. नँड म्हणजे दोन्ही इनपुट एक असतील तरच शून्य, एरवी एक.

ती एक्सॉर नावाच्या गेटवर अडली. "मावशी, दोन्ही सारखे असले की शून्य आणि वेगळे असले की एक, असलं गेट कुणाला कशाला लागतं?" मी तिला जिन्याशी नेलं. खाली एक बटण, वर एक, दिवा एकच. कोणतंही एक बटण बदललं की दिवा बदलतो. तिने चार वेळा खालीवर केलं, परत येऊन बसली आणि अर्ध्या तासात पाच नँडमध्ये एक्सॉर करून दाखवलं. दोन नँड उलटा करायला, एक 'हा आहे पण तो नाही' याला, एक त्याच्या उलट बाजूला, आणि शेवटचं दोघांना जोडायला. स्वच्छ काम.

मी म्हटलं, "चारमध्ये होतं." तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिचं ताट ओढून घेतलं. "होतंय ना पाचमध्ये!" होतंय, पण बाजारात 7400 नावाची आयसी, म्हणजे चिप, मिळते, चौदा पायांची. तिच्यात नँड गेटं चारच असतात. पाच झाली की दुसरी आयसी आली, तिला वेगळी जागा, वेगळ्या तारा. हे ऐकून ती पुन्हा बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांवर तर्री घेता घेता तिला सुचलं. उलटा करायला दोन वेगळी गेटं कशाला? दोन्ही इनपुटचं मिळून एक नँड करायचं आणि तेच दोन्हीकडे वापरायचं. पहिला इनपुट एक असेल, तर ते गेट आपोआप दुसऱ्याचा उलटा असतं. पहिला शून्य असेल तेव्हा त्याचं काही का असेना, पुढच्या गेटला फरकच पडत नाही. हे तिने मला प्लेटमधल्या शेवेने मांडून समजावलं. मला माहीत होतं, तरी मी मध्ये बोलले नाही.

त्या संध्याकाळी आम्ही बर्डीच्या बाजारात जाऊन एक आयसी, ब्रेडबोर्ड (तारा खोचून सर्किट जोडायची पाटी), एलईडी आणि तारा घेऊन आलो. चौदाव्या पायाला पाच व्होल्ट, सातवा ग्राउंडला. जोडलं, आणि दिवा भलतंच सांगू लागला. दोन्ही तारा काढल्या तर शून्य-शून्य, असं ती धरून चालली होती. पण या जातीच्या आयसीला मोकळा सोडलेला पाय एक वाटतो. शून्य हवं असेल तर तार ग्राउंडलाच लावावी लागते. हे तिला खेळाने सांगितलं नव्हतं, कारण तिथली तार कधी मोकळी हवेत लोंबकळत नाही. या खेळांमधली मोठी उणीव मला हीच वाटते. तिथे सैल स्क्रू नाही, गंजलेलं टर्मिनल नाही, उंदराने कुरतडलेली केबल नाही. माझ्या कामातला अर्धा वेळ यांतच जातो.

कुठून सुरुवात करू, असंही नवी पोरं विचारतात. नँडगेम ब्राउझरमध्ये फुकट आहे, एका संध्याकाळी कळेल की आपल्याला हे झेपतंय का. कोडची भीती वाटत असेल तर 2015 चाच ह्युमन रिसोर्स मशीन, त्यात एक कर्मचारी पट्ट्यावरचे आकडे उचलून इकडून तिकडे नेतो. आमच्या क्षेत्रातल्यांना मी 2016 चा शेनझेन आय/ओ सुचवेन. चिपा विकत घ्याव्या लागतात, खर्च मोजला जातो, वीजही मोजली जाते, आणि काम नसताना चिपला झोपवायला शिकावं लागतं. टीआयएस-१०० सगळ्यांत कोरडा दिसतो. माझा सगळ्यांत लाडका तोच.

भाची आता घरी गेली. ब्रेडबोर्ड आमच्या फ्रिजवर आहे, कोणी हात लावायचा नाही असं बजावून गेलीय. परवा तिचा फोन आला. बेरजेच्या सर्किटपर्यंत पोचलीय. एक्सॉरने बेरीज मिळते, पण हातच्यासाठी पाचवं गेट लागतं, कारण पहिल्या नँडमध्ये हातचा असतो तो उलटा. "मावशी, तो उलटाच राहू दिला आणि पुढच्या गेटला तसं सांगून ठेवलं तर? मग पाचवं लागणार नाही ना?"

मी तिला हो किंवा नाही म्हटलं नाही. दोन आकडे आणि मागून आलेला हातचा, अशी तिघांची पूर्ण बेरीज करून बघ, आणि एकूण किती नँड लागले ते रात्री फोन करून सांग, म्हटलं.

साडेअकराला मेसेज आला. फक्त आकडा: 9.