मुरल्या आणि दोन भिंती

गणपतीत आमच्या क्लिनिकला दोनच टाइपचे फोन, कुत्रं पळालं नाहीतर कुत्रं पलंगाखालनं बाहेर येईना. २०२२ ला तर कोरोनानंतरची पहिली मोकळी मिरवणूक, आवाजाचं विचारूच नका. विसर्जनाच्या रात्री मंगळवार पेठेतनं एक पोरगी बोका घेऊन आली, बरोबर आजी. सकाळपासनं सारखा ट्रेमध्ये बसून जोर करतोय, थेंब नाही. पोट चाचपलं तर मूत्राशय मोसंबीएवढं, दगडासारखं. बोक्याची लघवी तुंबली की रक्तात पोटॅशियम चढतं आणि एक-दोन दिवसात हृदयच बंद पडू शकतं, त्यामुळं लगेच गुंगी देऊन कॅथेटर घातला. लालसर लघवी उतरायला लागली तशी आजी म्हणाली, "सुटला बघा मुरल्या."

एक्स-रेत खडे दिसले नाहीत. टेन्शननंही मांजरांना असं होतं म्हणून विचारलं, घरात काही नवीन झालंय का? पोरगी म्हणाली, "डॉक्टर, हा युक्रेनचा, खार्किवचा आहे. खरं नाव मुर्चिक."

ती तिथं मेडिकलला होती, एका कुटुंबाकडं खोली घेऊन. त्यांच्याकडं हा, याची बहीण आणि एक म्हातारं कुत्रं. २४ फेब्रुवारीला पहाटे बॉम्ब पडायला लागले आणि घरच बदललं, खिडक्यांना चिकटपट्ट्या, बाथटबमध्ये भरून ठेवलेलं पाणी, सगळ्यांची झोप पॅसेजमध्ये. तिकडं नियमच तसा, बाहेर आणि आपल्यात दोन भिंती पाहिजेत, पहिली फुटली तर दुसरीनं काचा अडवायच्या. मांजरं म्हणे सायरनच्या आधीच तिथं जाऊन बसायची. कुत्र्याला सोडून घरमालकीण निघेना, पण हिच्या जॅकेटात तिनं बोका कोंबला. पोलंडमार्गे हवाई दलाच्या विमानानं दोघं दिल्लीजवळ हिंडनला उतरली. प्राण्यांच्या कागदपत्रांत सरकारनं तेव्हा सूट दिलेली म्हणून, नाहीतर हा कसला येतोय कोल्हापूरला.

मी नेहमीचं सांगितलं, बेडरूममध्ये ठेवा, दारंखिडक्या बंद.

"तिथंच कोंडलावता की ओ सकाळपासनं," आजी म्हणाली, "दार ओरबाडून काढलं त्यानं."

बेडरूमची खिडकी रस्त्यावर. न्हाणीघर आणि स्वयंपाकघराच्या मधे बोळ आहे, खिडकी नाही, तिकडंच तो सारखा पळत होता आणि ही माणसं उचलून परत आत टाकत होती. माझाही सल्ला तोच की! म्हटलं राहू दे, बोळातच ठेवा.

दोन दिवस ॲडमिट ठेवला. आठवड्यानं तपासायला आणला तेव्हा गडी झकास. आजीनं मोबाईलवर फोटो दाखवला, बोळात जुन्या लुगड्यावर मुरल्या पसरलेला, शेजारी सतरंजी आणि उशी.

"ही उशी कुणाची?"

पोरगी काउंटरला बिल देत होती. आजी हळूच म्हणाली, "हिचीच. मार्चपासनं तिथंच झोपतीया."