वांग, पोटावरच्या रेघा आणि मेडिकलचा काउंटर

बाळंतपणानंतर गालांवर वांग उठले, पोटा-मांड्यांवर रेघा. स्किनच्या डॉक्टर मॅडमनी घरच्या घरी करायचं सगळं लिहून दिलं: सनस्क्रीन, वांगासाठी ॲझेलेइक ॲसिडचं क्रीम, अंगाला मॉइश्चरायझर. बाळ अंगावर पितंय, म्हणून रेटिनॉइड, म्हणजे व्हिटॅमिन ए पासून बनलेली औषधं, नको. इथवर काही अडचण नव्हती.

अडलं मेडिकलमध्ये. चिठ्ठी नीट न बघताच काउंटरवरचे म्हणाले, "हे नाही येत ओ ताई. हे घ्या, आठ दिवसांत चेहरा उजळतोय बघा." हातात छोटी ट्यूब. उलटून बारीक अक्षरं वाचली: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. ट्रेटिनॉइन म्हणजे मॅडमनी नको म्हटलेलं रेटिनॉइडच, आणि मोमेटासोन हे स्टिरॉइड! खाली छापलेलं, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये. मी बोट ठेवून दाखवलं, तर म्हणे, "सगळ्या बायका हेच नेतात की." आणि माझ्यासमोर कॉलेजातली एक मुलगी चिठ्ठीशिवाय तीच ट्यूब घेऊन गेली.

मला अजून संताप येतो. अशी स्टिरॉइडची क्रीम चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम सरकारने 2018 मध्येच केलाय. महिनोन्महिने लावली की कातडी पातळ होते, चेहरा लाल पडतो, मुरुम आणि लव वाढते. बंद केली की आग होते, वांग पुन्हा गडद. जांघेत लावत राहिलं तर तिथे नव्या रेघा उमटतात! रेघा घालवायला आलेल्या बाईला हे द्यायचं?

माझं क्रीम शेवटी दुसऱ्या दुकानाने मागवून दिलं.

सनस्क्रीन रंग असलेलं घ्या. त्यातलं आयर्न ऑक्साइड दिसणारा उजेडही अडवतं, आणि वांग त्यानेही वाढतं. सोलापूरचं ऊन चाळिशी ओलांडतं, तेव्हा बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा, वर स्कार्फ. लिंबू अजिबात चोळू नका, त्यावर ऊन लागलं की डाग पडतात. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात.

हो, रेघांचं राहिलंच. त्या कातडीच्या आतल्या थरात फाटलेल्या असतात. तेलाने खाज कमी होते, रेघा पुसत नाहीत. जांभळट असतात त्या हळूहळू पांढुरक्या होतात, तशा माझ्या झाल्यात, आणि मला तेवढं पुरे आहे.

त्या ट्यूबचा फोटो मी काउंटरवरच काढला होता. अन्न व औषध प्रशासनाकडे द्यायच्या तक्रार अर्जाला तोच जोडतेय.