एकटीने राहण्याचे आणि काम करण्याचे शहर शोधताना : भोपाळ, पणजी, बडोदे

मी मुद्राचित्रकार आहे, म्हणजे धातूच्या प्लेटवर चित्र कोरून ते कागदावर छापते; एकटी राहते, आणि पुढची काही वर्षे कोणत्या शहरात राहून काम करावे हे ठरवण्यासाठी भोपाळ, पणजी आणि बडोदे या तीन शहरांत जाऊन, प्रत्येक ठिकाणी भाड्याच्या खोलीत राहून आले. नोकरीमुळे किंवा लग्नामुळे गाव बदलणाऱ्या माणसासाठी शहर बहुतेक वेळा आधीच ठरलेले असते. ज्याचे काम स्वतःच्या हातात आहे आणि ज्याला कोणाच्या शाळेचा किंवा बदलीचा विचार करावा लागत नाही, त्याला मात्र सारा नकाशा मोकळा असतो आणि नेमक्या त्या मोकळेपणामुळे निवड अवघड होते. अशा शोधात निघणाऱ्या चित्रकार, लेखक, वादक किंवा नाटकवाल्या मंडळींना उपयोग व्हावा म्हणून हा वृत्तांत लिहीत आहे.

निघण्यापूर्वी मी एक गोष्ट ठरवली होती, ती म्हणजे कोणत्याही महोत्सवाच्या काळात जायचे नाही. पणजीत २००४ पासून दर वर्षी भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो आणि २०१६ पासून डिसेंबरमध्ये सेरेंडिपिटी कला महोत्सवही होतो. त्या दिवसांत ते शहर कलावंतांनी भरून वाहते, पण ती माणसे पुढच्या आठवड्यात तेथे नसतात. म्हणून मी साधे आठवडे निवडले आणि प्रत्येक शहराला एकच प्रश्न विचारला : एखाद्या मंगळवारी संध्याकाळी काम संपल्यावर मी कोठे जाईन, आणि तेथे सलग दोन आठवडे दिसले नाही तर ते कोणाच्या लक्षात येईल? एकट्या माणसासाठी घरभाडे आणि हवामान यांच्या इतकाच हा प्रश्न महत्त्वाचा आहे, असे माझे ठाम मत आहे.

हीच तीन शहरे का, याचे कारण माझ्या कामात आहे. एचिंगचा, म्हणजे ॲसिडने कोरलेल्या प्लेटवरून चित्र छापण्याचा, प्रेस काही शे किलो वजनाचा असतो, ॲसिडसाठी हवेशीर जागा लागते आणि ओला कागद वाळवण्यासाठी मोकळी भिंत लागते. हे सगळे एकट्याने उभे करणे खर्चाचे असते, त्यामुळे मुद्राचित्रकाराला सामायिक कार्यशाळेचा किंवा निदान कलाशिक्षणाची परंपरा असलेल्या गावाचा आधार शोधावा लागतो. आपले माध्यम वेगळे असेल तर आपला आधारही वेगळा असेल, परंतु तो कोणता हे घर पाहण्याच्या आधी स्पष्ट असले पाहिजे. तालमीची जागा, ध्वनिमुद्रणाची खोली, भट्टी, ग्रंथालय, जे काही असेल त्याच्यापासून पायी किंवा एका बसने जाता येईल एवढ्या परिघातच घर पाहावे.

भोपाळला मी प्रामुख्याने भारत भवन या कलाकेंद्रासाठी गेले. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी रचलेली ही वास्तू फेब्रुवारी १९८२ मध्ये खुली झाली. मोठ्या तलावाकडे उतरणाऱ्या टेकडीच्या अंगातच ती बसवलेली असल्यामुळे रस्त्यावरून पाहताना इमारत अशी दिसतच नाही. एका अंगणातून दुसऱ्या अंगणात उतरत गेल्यावर ती उलगडत जाते. येथील रूपंकर या कलासंग्रहालयाची उभारणी चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांनी केली आणि आदिवासी व लोककलावंतांचे काम शहरी आधुनिक चित्रकारांच्या कामाशेजारी, समान मानाने मांडले. पाटनगढहून आलेल्या जनगढ सिंह श्याम यांची कारकीर्द येथूनच बहरली, आणि त्यांच्या पाठोपाठ आलेल्या गोंड चित्रकारांची अनेक कुटुंबे आज भोपाळमध्ये राहून काम करतात. ग्राफिक आणि सिरॅमिकच्या कार्यशाळा हा माझ्या दृष्टीने या संस्थेचा गाभा होय. २०१३ मध्ये सुरू झालेले जनजातीय संग्रहालय आणि त्याच्या शेजारचे मानव संग्रहालय पाहायला प्रत्येकी एक पूर्ण दिवस द्यावा. सोमवारी ही ठिकाणे बंद असतात, हे ध्यानात ठेवून मुक्काम आखावा.

कागदावर काम करणाऱ्याला भोपाळची हवा मानवते. पाऊस बेताचा, हिवाळा कोरडा, आणि घरे ऐसपैस आहेत. तलावाकाठचा रस्ता संध्याकाळी उशिरापर्यंत जागा असतो आणि तेथे एकट्या बाईला फिरताना अवघडल्यासारखे होत नाही. तरीही मी हे शहर निवडले नाही. तेथील कलाजीवन मोठ्या सरकारी संस्थांभोवती फिरते आणि संस्थेचे वेळापत्रक, निवड, मुदत संपली की बाहेरून आलेल्या माणसाला उरलेल्या दिवसांसाठी दुसरे दार चटकन सापडत नाही. ज्यांना एखाद्या शिष्यवृत्तीवर किंवा ठरावीक प्रकल्पावर वर्षभर काम करायचे आहे, त्यांना मात्र मी भोपाळच सुचवीन. घर पाहताना एक काळजी घ्यावी : १९८४ च्या वायुदुर्घटनेतील कारखान्याच्या आसपासच्या वस्त्यांत भूजल दूषित झालेले आहे, म्हणून त्या भागात जागा घ्यायची असेल तर नळाचे पाणी कोठून येते याची चौकशी केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पणजीने मला सर्वाधिक मोहात पाडले. एवढ्या लहान शहरात इतक्या गोष्टी चालत्या अंतरावर असणे हेच मुळी दुर्मीळ आहे. आल्तिनोच्या टेकडीवर गोवा कला महाविद्यालय आणि सुनापरान्त हे कलाकेंद्र आहे, खाली मांडवी नदीच्या काठी कोरिया यांचीच रचना असलेली कला अकादमी आहे, आणि पाट्टो भागात कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, ज्याची परंपरा १८३२ पर्यंत मागे जाते. या ग्रंथालयात मराठी, कोंकणी आणि पोर्तुगीज पुस्तके एकाच छताखाली आहेत. लेखनाचे काम करणाऱ्या एकट्या माणसाला दिवसभर बसण्यासाठी याहून चांगली जागा मी या प्रवासात पाहिली नाही. भाषेची अडचण मराठी माणसाला येथे जवळजवळ येतच नाही.

अडचण येते ती घराची आणि पावसाची. पर्यटकांना थोड्या दिवसांसाठी जागा दिली की मालकाला अधिक मिळकत होते, त्यामुळे पावसाळ्यापुरते मिळालेले घर हंगाम सुरू होण्याआधी सोडावे लागेल, अशी अट मला एकाहून अधिक ठिकाणी सांगण्यात आली. ज्याला दर ऑक्टोबरमध्ये बिऱ्हाड हलवावे लागते त्याची त्या शहरात मुळे धरण्याची शक्यता फार कमी असते. पाऊस तर वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पडतो. जून ते सप्टेंबर कागदावर बुरशी धरते, जस्ताच्या प्लेटवर डाग चढतात, प्रेसच्या लोखंडाला गंज येतो आणि छापलेली प्रत वाळायला नेहमीपेक्षा कितीतरी अधिक वेळ लागतो. चार महिने दमटपणाशी झुंजण्याची ज्यांच्या माध्यमाला गरज नाही, म्हणजे लेखक, संकलक, संगणकावर काम करणारे, त्यांनी पणजीचा विचार अवश्य करावा. परंतु त्यांनी तेथे जुलैमध्ये जाऊन राहावे, डिसेंबरमध्ये नव्हे. अकरा महिन्यांचा सलग करार मिळतो का, हे पहिल्याच भेटीत विचारावे. संध्याकाळनंतर बसगाड्या विरळ होतात, म्हणून दुचाकी चालवता येत नसेल तर शहराच्या हद्दीतच जागा शोधावी.

बडोद्याविषयी मला अधिक विस्ताराने लिहायचे आहे, कारण मी तेच निवडले.

सयाजीराव महाराज तिसरे यांनी या शहराला जे दिले त्याचा वारसा आजही रोजच्या वापरात आहे. १९१० मध्ये त्यांनी बोलावून आणलेल्या विल्यम बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालाने संस्थानभर सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभारले. जुन्या शहरातल्या मांडवी या चौकाजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय त्याच काळातले आहे. १८९४ मध्ये बांधून झालेले संग्रहालय सयाजीबागेत आहे, राजा रविवर्मा यांची मूळ चित्रे लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातील फतेसिंह संग्रहालयात पाहायला मिळतात, आणि कीर्तिमंदिराच्या भिंतींवर नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे आहेत. एवढे संचित अनेक जुन्या राजधान्यांत असते. येथे फरक पडला तो १९५० मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कला विद्याशाखा सुरू झाल्यामुळे. ना. श्री. बेंद्रे, शंखो चौधरी, के. जी. सुब्रमण्यन या चित्रकार-शिल्पकारांनी तेथे शिकवले. मुद्राचित्रकार ज्योती भट्ट तेथेच शिकले आणि पुढे अनेक वर्षे तेथेच शिकवीत राहिले. महत्त्वाची गोष्ट अशी की शिकून झाल्यावर पुष्कळ जण शहर सोडून गेले नाहीत. दर पिढीतले काही चित्रकार, शिल्पकार मागे राहिले, त्यांनी स्टुडिओ बांधले, आणि त्यांच्याभोवती साचे ओतणारे, चौकटी करणारे, प्रेस दुरुस्त करणारे, चित्रे बांधून पाठवणारे असे कारागीर तयार झाले. कलावंताला शहर निवडताना प्रसिद्ध नावांपेक्षा या कारागिरांची उपस्थिती तपासावीशी वाटली पाहिजे. मी एका लोहाराकडे प्रेसच्या रोलरविषयी चौकशी केली, तेव्हा त्याने मला रोलरचा व्यास आणि फेल्टची, म्हणजे रोलरखाली घालायच्या लोकरी कापडाची, जाडी विचारली. त्या दोन प्रश्नांनी माझा अर्धा निर्णय झाला.

उरलेला अर्धा निर्णय ‘छाप’ या मुद्राचित्रांच्या कार्यशाळेमुळे आणि विद्याशाखेच्या आवारामुळे झाला. आवारातल्या झाडांखाली संध्याकाळी विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि या दोहोंपैकी कोणीही नसलेले माझ्यासारखे लोक बसलेले असतात, आणि दुसऱ्या आठवड्यात मला नावाने हाक मारणारी दोन माणसे तेथे झाली होती. मंगळवारच्या माझ्या प्रश्नाला असे उत्तर अन्य कोठे मिळाले नाही. गायकवाडांच्या काळापासून येथे वसलेल्या मराठी कुटुंबांमुळे भाषाही कानावर पडत राहते. २०१८ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरले होते. तरी कामापुरती गुजराती शिकावीच, कारण कारागिरांशी मैत्री त्यांच्या भाषेतच होते. चित्रे विकण्यासाठी मुंबई गाठावी लागते, पण ती रेल्वेने सुमारे ४०० किलोमीटरवर आहे आणि गाड्या भरपूर आहेत, त्यामुळे सकाळी निघून दुपारी एखाद्या कलादालनात पोहोचता येते.

एकट्या माणसाला घर मिळवणे येथेही सोपे नाही. अनेक गृहसंस्था कुटुंबालाच जागा देतात आणि दलालाचा पहिला प्रश्न घरी आणखी कोण, हाच असतो. यावर मला लागू पडलेला उपाय असा की दलालाकडे जाण्याआधी कार्यशाळेतल्या ओळखीच्या माणसांना सांगावे. विद्यापीठाजवळच्या फतेगंज, प्रतापगंज भागांत कलाविद्यार्थ्यांना जागा देण्याची सवय असलेले मालक आहेत आणि त्यांना शाईने माखलेल्या हातांचे नवल वाटत नाही. प्रेस बसवायचा असेल तर तळमजलाच घ्यावा आणि यंत्राचे वजन व ॲसिडचा वापर या दोन्ही गोष्टी करारात स्पष्ट लिहून घ्याव्यात.

तळमजल्याचा प्रश्न पुराशी जोडलेला आहे. विश्वामित्री नदी शहराच्या मधून वाहते आणि २०१९ मध्ये तसेच २०२४ मध्ये तिच्या पुराने मोठा भाग पाण्याखाली गेला होता. पुराबरोबर नदीतल्या मगरीही रस्त्यांवर आल्या होत्या. म्हणून घर आवडले की शेजाऱ्याकडे जाऊन २०२४ च्या ऑगस्टमध्ये पाणी कोठपर्यंत आले होते ते विचारावे आणि शक्य असल्यास भिंतीवरची खूण पाहावी. मालक जे सांगणार नाही ते शेजारी सांगतो. पाणी न पोहोचलेल्या गल्ल्या विद्यापीठापासून फार दूर नाहीत, फक्त त्या शोधण्यास थोडे अधिक चालावे लागते.

तिन्ही शहरांत घराचा करार, पोलिसांकडे द्यायची भाडेकरूची माहिती, दवाखान्याचा अर्ज अशा प्रत्येक कागदावर तातडीच्या प्रसंगी कळवायच्या व्यक्तीचे नाव मागितले गेले. लांबच्या नातेवाइकाचे नाव लिहिता येते, पण रात्री दोन वाजता ताप चढला तर तो नातेवाईक येऊ शकत नाही. नव्या शहरात स्थिर होण्याआधी तेथेच राहणारी अशी एक व्यक्ती आणि दुसरी किल्ली ठेवता येईल असे एक घर शोधणे, हे मी सामान हलवण्यापेक्षा अधिक तातडीचे काम मानते. आपल्या आरोग्य विम्याची सोय कोणत्या जवळच्या रुग्णालयात आहे तेही प्रत्यक्ष जाऊन विचारून यावे.

बडोद्याला जाऊ इच्छिणाऱ्यांनी दोन भेटी द्याव्यात. पहिली ऑगस्टमध्ये, भर पावसात, नदी आणि गल्ल्या पाहण्यासाठी. दुसरी वर्षअखेरच्या परीक्षांच्या सुमारास, जेव्हा ललित कला विद्याशाखेत विद्यार्थ्यांच्या वर्षभराच्या कामाचे प्रदर्शन मांडलेले असते आणि शहरातले बहुतेक कलावंत ते पाहायला येतात. विद्यार्थी घरे सोडतात तीही त्याच सुमारास. जूनमध्ये नवे विद्यार्थी येऊ लागले की विद्यापीठाजवळचे तळमजले चटकन भरतात, त्यामुळे प्रदर्शन पाहून झाल्यावर त्याच मुक्कामात जागेचा करार करून टाकणे सोयीचे पडते.